आईच्या नावाचं रक्त

एप्रिल लागला की आमच्या लॅबच्या जिन्यावर पुन्हा खोकला ऐकू यायला लागतो. ऊन, धूळ, लग्नसराईतलं बर्फ घातलेलं सरबत, काही ना काही कारण मिळतंच. नवी पेठेतल्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमची रक्त तपासायची जागा आहे. खाली दुकानाचे मालक लग्नाचा बस्ता उलगडून दाखवत असतात आणि वर आम्ही लोकांच्या दंडाला रबरी पट्टा आवळत असतो. परवा एक बाई आल्या. दोन दिवसांचा ताप. बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, ते सीआरपी का काय ते बगा की. किती येतंय ते कळू द्या एकदाचं." मी बाटलीवर नाव लिहिलं आणि विचारलं, "नाव तुमचंच ना?" त्या हसल्या. "मग काय शेजारनीचं सांगू व्हय?"

हसू देत. हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते आणि मनगट धरून चेहऱ्याकडे बघत विचारते. करोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या त्या एप्रिलनं मला ही सवय लावली. त्या एप्रिलबद्दल माझा मोठा भाऊ, दादा, एकच वाक्य बोलतो. "आईला तू नेलीस." पाच वर्षं झाली, वाक्य बदललेलं नाही. मी ते एकदाही मान्य केलं नाही आणि हे लिहितानाही करत नाही.

त्या वर्षीच्या उन्हाला वास होता. रस्त्यावर माणूस नव्हतं, त्यामुळे कडुनिंबाचा मोहोर मास्कमधूनसुद्धा नाकात शिरायचा आणि त्यात सॅनिटायझरची आंबूस झाक मिसळलेली असायची. नवी पेठ अशी रिकामी मी जन्मात पाहिली नव्हती. दुकानांची शटरं तापून तडतड वाजायची. जयंती आली आणि गेली. घराघरांवर निळे झेंडे होते, पण मिरवणूक नाही, डीजे नाही, लेझीम नाही; संध्याकाळी दारात मेणबत्त्या लावून लोकांनी आपापल्या उंबऱ्यातच वंदना म्हटली. मधूनच रुग्णवाहिका जायची. तिचा आवाज आला की गल्लीतल्या बायका मोजायच्या, ही कितवी.

आणि सगळ्या शहराला एकच प्रश्न पडलेला असायचा: किती? ऑक्सिजन किती, छातीच्या स्कॅनचा स्कोअर किती, सीआरपी किती. लोक दहावीच्या निकालासारखे आकडे विचारायचे. "भाऊजींचा किती आला? मग पास हायत की!" चांगला आकडा आला की तो कागद बुद्धमूर्तीच्या बाजूला नाहीतर देव्हाऱ्यात ठेवायचे आणि परत रक्त द्यायला तयार व्हायचे नाहीत. एकदा पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला कोण बसवतो?

मी फोनवर सांगून सांगून घसा कोरडा करून घ्यायचे. अंगात कुठं जाळ लागला की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं. ते मोजलं की जाळ केवढा आहे याचा अंदाज येतो. सीआरपी म्हणजे एवढंच. शिवाय पांढऱ्या पेशींमध्ये दोन जाती असतात, त्यातली एक वाढत चालली आणि दुसरी आटत चालली की डॉक्टर सावध होतात. आणखी दोन-तीन तपासण्या होत्या. सगळ्यांचं काम एकच, माणूस चालताबोलता असतानाच तो पुढं बिघडेल का याची चाहूल घेणं. चाहूल हा शब्द मी मुद्दाम वापरते. आकडा शंभर माणसांबद्दल बरंच खरं बोलतो आणि समोर बसलेल्या एकाबद्दल अडखळत बोलतो. आणि तिसऱ्या दिवशीचा आकडा सातव्या दिवशी शिळा झालेला असतो. हे ऐकून घेतल्यावर पलीकडचा माणूस विचारायचा, "ते असू दे, पन चांगला म्हनायचा की वाईट?"

माझी आई एका शाळेत शिपाई होती. तीस-बत्तीस वर्षं तिनं घंटा वाजवली. हाताला बांगडी कधी नाही. घंटेचा दोर ओढताना काच फुटते म्हणून तिनं लग्नातला चुडाही महिन्याभरात उतरवून ठेवला होता म्हणे. परीक्षेच्या दिवसांत तिचा दरारा मास्तरांपेक्षा मोठा असायचा. वर्ग सुटला की बाकांखालून कॉपीच्या चिठ्ठ्या गोळा करायची आणि कुणाची चिठ्ठी कुठली ते अक्षरावरून सांगायची. मी लॅबचा कोर्स करत असताना पहिली काच रंगवली ती तिच्याच रक्ताची. घरात दुसरं कुणी बोट द्यायला तयार नव्हतं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट. माझे मास्तर म्हणाले, हे घराण्यातलं बारीकपण आहे, गोळ्या खाऊन भरत नाही, तुझंही बघ. माझ्याही तशाच निघाल्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "रक्त बारीक आसू दे, मान बारीक न्हाय ना?" आणि तिची मान खरोखरच कधी खाली गेली नाही.

त्या एप्रिलमध्ये मी लॅबच्या मागच्या खोलीतच राहत होते, आजार घरी न्यायला नको म्हणून. घरी आई, दादा आणि सुरेखावहिनी. दादा एसटीत कंडक्टर आहे. मोजक्या गाड्या चालू होत्या, त्यातल्या मंगळवेढ्याच्या गाडीवर तो होता. वहिनी मैंदर्गीची. माहेरी कानडी बोलत वाढलेली, सासूला आत्ती म्हणते, मला वन्सं. आईला ताप आला. चौथ्या दिवशी मी आमच्या मस्तानभाईंना रक्त आणायला घरी पाठवलं. मस्तानभाई गेली वीस वर्षं घरोघर जाऊन नमुने आणतात. त्या दिवसांत लोक दार उघडत नसत, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून रक्त देत. मस्तानभाई प्लास्टिकच्या अंगरख्यात घामानं निथळत बाहेर उभे राहायचे आणि आतून नाव-वय सांगितलं जायचं. त्या दिवशीही आतून आईचा आवाज आला, तिनं स्वतःचं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि गजांतून एक हात बाहेर आला.

आकडा चांगला आला. इतका चांगला की मी खुर्चीतून उठले आणि तिथल्या तिथे दादाला फोन लावला. "दादा, चांगलं आलंय. काळजी करू नकोस." तो म्हणाला, "लई बरं झालं बाई." मागं इंजिनाचा आवाज होता, आणि तो ड्रायव्हरला सांगत होता, आईचं चांगलं आलं म्हणून. तो एक मिनिट मी किती खूश होते ते अजून आठवतं. आणि माझ्या हातून झालेली चूक तीच आहे, ती मी कबूल करते. उरलेला कागद वाचायच्या आधी मी फोन केला.

फोन ठेवून खालचे रकाने बघितले. तांबड्या पेशी चांगल्या टपोऱ्या होत्या, रंगानं भरलेल्या. जन्मभर बारीक असलेली पेशी एका आठवड्यात टपोरी होत नाही. आधी वाटलं, माझ्याकडूनच बाटल्या बदलल्या. नावं तपासली, क्रमांक तपासले, काच रंगवून डोळ्यांनी पाहिली. मग मस्तानभाईंना विचारलं, रक्त देताना आईचा चेहरा बघितला होता का.

"मैं तो हाथच देख्या बाई, मूं कां दिख्या?" ते म्हणाले. मग आठवून म्हणाले, "हिरव्या काचेच्या चुड्या थ्या."

हिरवा चुडा आमच्या घरात फक्त वहिनीच्या हातात असतो.

लॅबचे मालक, आमचे सर, म्हणाले, "नमुना बाद करा आणि उद्या परत मागवा. आज तुम्हाला सोडता येणार नाही, खाली रांग बघा." मी म्हणाले, "सर, उद्या पाचवा दिवस." ते म्हणाले, "तुमच्या आईसाठी नियम वेगळा का?" प्रश्न रास्त होता. मी पट्टा, सुया आणि बाटल्या पिशवीत भरल्या, आल्यावर मला कामावरून काढून टाका असं त्यांना सांगितलं आणि जिना उतरले. त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तरी मी गेलेच असते.

दुपारचे दोन वाजलेले. स्कूटीची सीट तव्यासारखी तापलेली. घरासमोर उभी राहिले आणि खिडकीतून हाक मारली. आई पंख्याखाली भिंतीला टेकून बसली होती. मला बघून पदर सावरला तिनं, शाळेत साहेब आल्यावर सावरायची तसा. वहिनी तिच्या मागं उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"हात कुनाचा होता?" मी विचारलं.

"कुनाचा का आसंना," आई म्हणाली. "आपल्या घरातलाच होता की."

"आई, तुझं रक्त पायजे मला."

"आन् मला माझं घर पायजे. गल्लीतली तीन मानसं त्या गाडीत बसून गेली. त्यातलं येक तरी परत उतरताना बगितलंस? आकडा मोटा आला की तू मला थितंच टाकशील."

"टाकीन."

"बगा! तोंडावर सांगतीया."

"तुझीच पोरगी हाय, तोंडावरच सांगनार. टाकीन, आन् बाहेर दारात बसून राहीन. पन दुसऱ्याच्या रक्तावर तुझं नाव लिवनार न्हाय."

मी गजांना धरून उभी होते, लोखंड पोळत होतं. राग आला होता, रडूही येत होतं. मग तोंडातून निघून गेलं, "जलमभर पोरांच्या कॉप्या पकडल्यास, आन् आता सुनंचा पेपर आपल्या नावानं टाकतीस व्हय?"

आई हसली. अगदी मोठ्यानं, डोकं मागं टाकून. हसता हसता खोकला लागला आणि तो थांबेना. वहिनीनं पाणी दिलं, पाठ चोळली. खोकला ओसरल्यावर आई सरकत सरकत खिडकीपाशी आली. चार पावलांच्या अंतरात ती दोनदा थांबली, ते मी मोजलं.

"हात देते," ती म्हणाली, "पन येक ऐक. सुरेखानं माझ्या शब्दाखातर केलं हे. तिचं नाव दाद्याजवळ काडायचं न्हाय. घर फुटंल. शब्द दे."

मी शब्द दिला. मग तिनं बांगडी नसलेला, शिरा वर आलेला हात गजांतून बाहेर काढला. शीर लगेच सापडली. एकाच टोचणीत रक्त आलं, याचा मला अजूनही अभिमान आहे.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. लिहिला तर तुम्हीही मनातल्या मनात पास-नापास करायला बसाल. तो मोठा होता आणि पांढऱ्या पेशींचं गणितही बिघडलेलं होतं, एवढं पुरे. संध्याकाळच्या आत खाट मिळाली ती त्या कागदामुळे. दादा गाडीवरून थेट घरी आला. "सकाळी तूच म्हनालीस ना चांगलं हाय म्हनून?" मी म्हणाले, नमुना चुकला होता. "मग ह्यो दुसरा चुकला नसंल कशावरनं?" कंडक्टरचा प्रश्न, हिशेबाला चोख. त्याचं खरं उत्तर एका नावाशिवाय देता येत नव्हतं आणि ते नाव न घ्यायचा शब्द मी दोन तासांपूर्वी देऊन बसले होते. मी म्हणाले, "मला कळतं म्हणून." यापेक्षा वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं.

आई रुग्णालयात स्वतःच्या पायांनी चालत गेली. औषधं वेळेवर सुरू झाली, ऑक्सिजन लागला तेव्हा तो तिच्या उशाशी होता. पहिले काही दिवस फोनवर बोलायची. वहिनीला बजावायची, मंगळवेढ्याची नवी ज्वारी आली की ऊन दाखवून भर, नाहीतर पोरकिडा लागतो. मला म्हणायची, "हितल्या नर्सबाया लई घाबरट हायत गं, घंटा वाजवल्याबिगर येत न्हाईत." मी सांगितल्याप्रमाणे दारात बसून राहायचे, लॅब सुटल्यावर, फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली. अकराव्या दिवशी ती गेली.

लवकर नेलं आणि तरी गेली. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मी दोन्ही बोलते. दादा दोन्ही जोडून एकच करतो, नेली म्हणून गेली. सोयऱ्यांमध्ये, पुण्यानुमोदनाला आलेल्यांमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकच. घरात ठेवली असती तर काढा देऊन उठली असती. पहिला रिपोर्ट चांगला होता की! बहिणीनं आकड्याच्या नादात नेली. मी ऐकत आले. प्रत्येक वेळी वहिनी भांडी आवरायला उठून जायची आणि मी पाणी प्यायचे.

आता त्या दिवसांवर बोलणारी दोन तऱ्हेची माणसं मला भेटतात. एक म्हणतात, सगळा तपासण्यांचा धंदा होता, आकडे काढून लोकांना घाबरवलं. दुसरी म्हणतात, आकडा बघितला की कोण जाणार ते आम्हाला आधीच कळायचं. मला दोघांचाही संताप येतो. पहिल्यांना विचारावंसं वाटतं, श्वास लागेपर्यंत बसून राहिला असता का? आणि दुसऱ्यांना विचारावंसं वाटतं, माझ्या हातून गेलेल्या कागदांवरचे ते मोठे आकडे, जे आज नवी पेठेत पिशव्या घेऊन हिंडतात, त्यांना तुम्ही काय म्हणणार? एक आजोबा अजून दिवाळीला आम्हाला चिवडा आणून देतात. त्यांचा आकडा आईच्या आकड्यापेक्षा मोठा होता. का ते जगले आणि ती गेली, हे मला माहीत नाही. माहीत नाही असं म्हणायला मला लाज वाटत नाही. पण माहीत नाही म्हणून बघायचंच नाही, हे मला कुणी शिकवू नये. ती दुपार परत आली तर मी त्याच तापलेल्या स्कूटीवर बसून जाईन आणि तेच रक्त काढीन.

दादा वाईट माणूस नाही. अजून दरवर्षी याच दिवसांत मंगळवेढ्याची ज्वारी आणतो, माझ्या वाट्याची पिशवी लॅबच्या जिन्यात ठेवतो आणि वर न येता जातो. ती भाकरी गोड लागते हे मी नाकारणार नाही. पिशवीला गाठ मात्र इतकी घट्ट मारलेली असते की मला सुरी घ्यावी लागते.

यंदाच्या जयंतीला घरी गेले. दरवर्षी जाते, वंदनेला बसते, जेवते आणि निघते. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली होती, डीजेनं खिडकीच्या काचा थरथरत होत्या, निळा गुलाल घरात यायला लागला होता. पुण्याहून आलेले एक मावसभाऊ जेवत होते. त्यांनी आईची आठवण काढली आणि दादानं नेहमीचं वाक्य सुरू केलं. पहिला रिपोर्ट चांगला होता, पण ह्या आमच्या बहिणीनं...

वहिनी खीर वाढत होती. ती काहीतरी बोलली. डीजेत कुणालाच ऐकू गेलं नाही. मग तिनं पातेलं खाली ठेवलं आणि ओरडून सांगितलं, "ते रक्त आत्तींचं नव्हतं! हात माझा होता!"

मी म्हणाले, "वहिनी, राहू दे."

"न्हाय वन्सं, आज बोलू द्या. पाच वर्सं तुमी माझ्यापायी ऐकून घेतलासा. आत्तींनीच म्हनलं हात दे, मी दिला. चांगलं आलं ते माझं आलं हो. आत्तींचं कधी चांगलं आलंच नव्हतं." तिला आणखी काही सांगायचं होतं, पण मराठी संपली आणि ती कानडीत रडायला लागली. मावसभाऊ हातातला घास तसाच धरून बसले होते.

दादा ताटावरून उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. वहिनीला सोडून मी जाणार नव्हते, पण तिनंच मला ढकललं. मी त्याच्या शेजारी बसले. समोरून पोरी लेझीम खेळत चालल्या होत्या, लहान मुलं खांद्यांवर बसलेली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळा गुलाल पडत होता, तो झटकत नव्हता. मिरवणुकीतला मोठा गाडा पुढं सरकला, आवाज जरा कमी झाला.

"किती होता?" त्यानं विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मी सांगितला. खरा तो सांगितला, एकानंसुद्धा कमी केला नाही.

मग त्यानं, माझ्याकडे न बघता, विचारलं, "आन् आपुन बघितलाच नसता तर?"

"तर बी तेवढाच असता, दादा."